प्रश्न विचारतो म्हणून नापास

हजीरा, ग्वाल्हेर
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

चि. अभिराम यास आशीर्वाद.

तू आणि मी एकाच गावात राहतो. हजीऱ्याहून सिटी सेंटरला रिक्षा अर्ध्या तासात पोचते. तरी भाच्याशी बोलायचं तर मला पत्र लिहावं लागतं, कारण फोन केला की तू म्हणतोस, "आत्या, मीटिंगमध्ये आहे." दोन माणसांच्या कंपनीत एवढ्या मीटिंगा कोणाशी होतात ते एकदा कळव. आजपासून मंगळवारी आणि शुक्रवारी रिक्षावाला दौलतसिंह तुझा डबा आणेल. पत्र सगळ्यात वरच्या पुडात. उत्तर त्याच डब्यातून पाठव, डबा धुऊन.

आता कामाचं. सासऱ्यांनी सुरू केलेली आणि गेली अडतीस वर्षं मी चालवलेली तिथींची वही तुला माहीत आहे. इथल्या एकशे बारा मराठी घरांतलं कोण कधी गेलं, त्याचं श्राद्ध कोणत्या तिथीला, ते तीत आहे. पितृपक्षात माझा फोन सकाळी सहापासून वाजतो, "वहिनी, आमच्या आजेसासूबाईंची तिथी कोणती हो?" मी सांगते. आजवर कोणाला परत पाठवलेलं नाही.

डॉक्टरांनी परवा डोळे तपासले. मागचा पडदा झिजतो आहे, उपाय नाही. दिवाळीपर्यंत बारीक अक्षर दिसेनासं होईल म्हणाले. हे रडगाणं नाही, माहिती आहे. वहीतलं अक्षर बारीक आहे आणि निम्म्या नोंदींचा अर्थ फक्त मला लागतो. तेव्हा तू जे तिथींचं ॲप करतो आहेस म्हणून सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरतोस, त्यात ही वही पितृपक्ष लागायच्या आत, म्हणजे सात सप्टेंबरपर्यंत, जायला हवी. त्यानंतर वही असेल, पण वाचणारं कोणी नसेल.

कढी पुन्हा उकळू नकोस, फुटेल.

तुझी
राजलक्ष्मीआत्या

*

सिटी सेंटर
७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. डोळ्यांचं वाचून खूप वाईट लागलं. पण तू बिल्कुल टेन्शन घेऊ नको. सात सप्टेंबरला पूर्ण सात महिने आहेत. आमचं काम जोरात चालू आहे.

तुला आजकालची पद्धत सांगतो. आता प्रोग्राम कोणी हाताने नाही लिहीत. एआय सहायक असतो, त्याला सांगायचं काय हवं, तो लिहून देतो. म्हणून सगळ्यात मोठा निर्णय हा की सहायक कोणता घ्यायचा. तो एकदा बरोबर निवडला की ॲप तर आपोआपच बनेल. मी आणि सौरवने तीन निवडलेत आणि त्यांची तुलना करतो आहोत. सौरवने एक तक्ता बनवला आहे, सव्वीस रकाने आहेत. त्यांची नावं इंग्रजी आहेत, तुला लक्षात नाही राहणार.

कढी मस्त होती. सौरवने पण खाल्ली. तो म्हणाला, आत्याजींना प्रणाम सांग.

तुझा
अभिराम

*

हजीरा
११ मार्च

चि. अभिराम,

पाच आठवडे वाट पाहिली. काल बँकेच्या कामाला सिटी सेंटरला आले होते, म्हणून न कळवता तुमच्या ऑफिसात डोकावले. तू मीटिंगला गेला होतास. सौरव होता. चांगला मुलगा आहे, उठून उभा राहिला, पाणी दिलं. मराठा घरातला, पण मराठी बोलताना त्याला घाम येतो.

भिंतीवरच्या पांढऱ्या फळीवर तीन इंग्रजी नावं आणि खाली चांदण्या काढलेल्या होत्या. मी विचारलं, "ॲप कुठे आहे?"

"आत्याजी, वो तो बन जाएगा. पहले ये तय हो जाए कि बनाएगा कौन."

मी म्हटलं, "त्या तिघांना काय बनवायला सांगायचं आहे, ते कुठे लिहिलं आहे?" त्याने तक्ता उघडला. कोण किती लवकर लिहितो, कोणाचा रंग डोळ्यांना बरा वाटतो, कोण बोलायला गोड, असे सव्वीस रकाने. तिथी हा शब्द मला त्यात दिसला नाही. माझे डोळे अधू आहेत म्हणून सौरवलाही शोधायला लावलं. त्यालाही नाही सापडला.

मग त्याने तिघांच्या तऱ्हा सांगितल्या. मी त्यांची नावं ठेवली आहेत, यापुढे तीच वापर. पहिला पाच मिनिटांत सगळं लिहून "झालं" म्हणतो, उघडून बघितलं तर अर्धं झालेलं असतं, तो झटपट. दुसरा तुम्ही काहीही म्हणा, "अगदी बरोबर" म्हणतो, तो हांजी. तिसरा लिहायच्या आधी प्रश्न विचारतो, तो शंकेखोर. सौरव म्हणाला, "आत्याजी, तीसरा थोड़ा पकाऊ है." मी चाळीस वर्षांपूर्वी मुलगी बघायला आलेली मंडळी पाहिली आहेत. नाक, रंग, आवाज सगळं बघून व्हायचं, आणि आपल्या मुलाला नोकरी नाही हे निघताना आठवायचं. तुमचं तसंच चाललं आहे.

काय बनवायचं ते आधी एका कागदावर लिही. मराठीत, आणि पूर्ण वाक्यांत.

आत्या

*

सिटी सेंटर
१८ मार्च

आदरणीय आत्या,

सादर प्रणाम. आपल्या अत्यंत मौल्यवान आणि विचारप्रवर्तक पत्राबद्दल मनःपूर्वक आभार. आपण उपस्थित केलेला मुद्दा अतिशय महत्त्वाचा आहे. आपल्या वहीचा समृद्ध वारसा आणि आधुनिक तंत्रज्ञानाची अफाट शक्ती यांचा सुरेख संगम घडवून आणण्यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. आमच्या प्रवासात आपले मार्गदर्शन दीपस्तंभाप्रमाणे आहे. निवड प्रक्रिया अंतिम टप्प्यात असून लवकरच आपणास सुखद वार्ता मिळेल.

आपल्या दृष्टीस उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा.

आपला नम्र,
अभिराम

*

हजीरा
२१ मार्च

अभिराम,

पत्रात एकही चूक नव्हती, म्हणून ते तुझं नव्हतं. तू मला जन्मापासून "अगं आत्या" म्हणतोस आणि आज मी दीपस्तंभ झाले. हे हांजीने लिहिलं असणार. डबा मात्र न धुताच आला, म्हणजे तेवढं तू स्वतः केलंस.

यापुढे पत्र हाताने आलं नाही तर डबा येणार नाही.

आत्या

*

सिटी सेंटर
२५ एप्रिल

अगं आत्या,

हाताने लिहितो आहे. अक्षर कसं पण असलं तरी वाच. चूक झाली.

चांगली बातमी, निवड झाली! पूर्ण परीक्षा घेतली. तिघांना तुझ्या सांगण्याप्रमाणे कागदावर लिहून काम दिलं, की पंचांगावरून दर वर्षीची तारीख काढणारा प्रोग्राम बनवा. मग दहा सण देऊन पाहिले. गुढीपाडवा, रामनवमी, अक्षय्य तृतीया, गुरुपौर्णिमा, नागपंचमी, राखी, गणपती, दसरा वगैरे. तिघांच्या पण तारखा बरोबर आल्या. मग रकान्यांचे गुण मोजले. झटपट दुसरा आला. शंकेखोर तिसरा, त्याचे गुण सारखे सारखे विचारण्यात गेले. हांजी पहिला. त्याच्यासोबत काम करताना वाटतं की आपण खूप हुशार आहोत. सौरव तर म्हणतो, घरात पण कोणी त्याच्याशी इतकं चांगलं नाही बोलत.

आता वही पाठव.

अभिराम

*

हजीरा
२९ एप्रिल

चि. अभिराम,

अक्षर कोंबड्याच्या पायासारखं आहे, पण तुझं आहे. दहाच्या दहा सण बरोबर आले हे वाचून बरं वाटलं. उगाच दोष द्यायची मला सवय नाही. कुठल्यातरी कामाला सुरुवात झाली, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.

पहिल्या वीस घरांची पानं झेरॉक्स काढून पाठवते आहे. मूळ वही मी कोणाला देत नाही. नोंद अशी वाचायची: नाव, नातं, महिना, पक्ष, तिथी, आणि माहीत असेल तिथे इंग्रजी तारीख. "व." म्हणजे वद्य. एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस.

मला आता भिंगाशिवाय दिसत नाही. हे घरी सांगू नकोस. तुझे वडील फोन करतील, आणि लक्ष्मीकांतचा फोन तासाच्या आत संपत नाही.

आत्या

*

सिटी सेंटर
३ जून

अगं आत्या,

ॲप चालू झालं! वीस घरांना परवापासून. ज्याच्या घरी श्राद्ध असेल त्याला दोन दिवस आधी मेसेज जाणार. मजकूर हांजीने सुचवला: "राजलक्ष्मीताईंच्या वहीनुसार आपल्या घरी अमुक दिवशी श्राद्ध आहे." तुझं नाव आहे म्हणून लोक एकदम विश्वास ठेवतात. एक काका तर म्हणाले, राजलक्ष्मीचं नाव आहे तर पंचांग बघायची गरजच नाही.

बघितलंस, निवड बरोबर होती.

अभिराम

*

हजीरा
२० जून

अभिराम,

मागच्या गल्लीतल्या विजयाबाई तुला माहीत आहेत. वय एक्याऐंशी. लहानपणी तुझा चेंडू त्यांच्या गच्चीवर जायचा. त्यांचे यजमान अप्पा बावीस वर्षांपूर्वी गेले. वहीतली नोंद: आषाढ व. पंचमी. चौदा जूनला माझ्या नावाचा मेसेज त्यांच्या फोनवर गेला, की सोमवारी, सोळा तारखेला, श्राद्ध.

त्या म्हणाल्या, "अरे, परवा तर वटपौर्णिमा झाली. आपला आषाढ कुठे लागलाय अजून?" शेजारच्या बाई म्हणाल्या, "माताजी, आषाढ़ तो पूनम के दूसरे दिन ही लग गया." त्यांच्या दृष्टीने खरं बोलल्या. शिवाय फोनवर माझं नाव. तेव्हा विजयाबाईच म्हणाल्या, "मीच विसरत असेन. राजलक्ष्मी चुकायची नाही." बडोद्याहून थोरला मुलगा उरलेली सगळी रजा टाकून आला. श्राद्ध झालं. पानं वाढली, गाईला घास दिला. मग त्यांची मोलकरीण मंदाताई माझ्यासाठी खीर घेऊन आली आणि मला कळलं. एक महिना आधी!

तू ग्वाल्हेरात जन्मलास. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी घरांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचं नाव दोघांकडे एकच, पण वद्य पक्षात ते एक महिना पुढे असतात. आपला आषाढ वद्य तो त्यांचा श्रावण. शेजारच्यांचे श्रावणी सोमवार आपल्या पंधरा दिवस आधी सुरू व्हायचे आणि तू मला विचारायचास, "आत्या, त्यांना साबुदाणा आधी का मिळतो?" मी तुला तेव्हा नीट समजावून सांगितलं होतं. तू साबुदाणा तेवढा लक्षात ठेवलास.

आणि ते दहा सण. मी काल यादी पुन्हा वाचली. सगळे शुद्ध पक्षातले. वद्यातला एकही नाही. महिना कसाही मोजला तरी ते बरोबरच येणार होते. हे माझ्याही लक्षात आलं नाही, ती चूक माझी. बाकीची तुमची.

ॲप आज बंद कर. आज डबा नाही.

आत्या

*

सिटी सेंटर
२४ जून

आत्या,

ॲप त्याच दिवशी बंद केलं. आधी लिहिलं होतं की वीस घरांत एकच चूक म्हणजे पंच्याण्णव टक्के बरोबर. ते फाडून टाकलं.

खरं ते सांगतो. आम्ही हांजीला म्हटलं, महिना अमावास्येला संपतो, तू चूक केलीस. तो म्हणाला, "आपण अगदी बरोबर आहात! मी लगेच बदलतो." आणि बदललं. मग सौरवने मुद्दाम लिहिलं, नाही, पौर्णिमेला संपतो. तो म्हणाला, "आपण अगदी बरोबर आहात!" आणि परत बदललं. सौरवने हे चार वेळा केलं. चारी वेळा आम्ही बरोबर होतो.

याहून वाईट एक गोष्ट आहे. लपवणार होतो. मी परीक्षेचे जुने कागद काढले. शंकेखोरने पहिल्याच दिवशी विचारलं होतं: "नोंदींतले महिने अमावास्येला संपणारे आहेत की पौर्णिमेला? वद्य पक्षाच्या तारखा यावर ठरतील. मला अंदाजाने लिहायचं नाही, घरच्यांना विचारून सांगाल का?"

आम्ही घरच्यांना नाही विचारलं. मला वाटलं, एवढं विचारायला तुला काय फोन करायचा, तू उलट दहा प्रश्न विचारशील. त्याच्यापुढे तक्त्यात मी माझ्या हाताने लिहिलं होतं: "विनाकारण प्रश्न. कामाची लय तुटते. दहापैकी तीन."

अभिराम

*

हजीरा
२७ जून

चि. अभिराम,

लपवलं नाहीस, म्हणून डबा पाठवते आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. ट्रंक कॉल बुक करताना आम्ही नंबर दोनदा विचारायचो, गाव दोनदा विचारायचो. लोक खवळायचे. "बहरी हो क्या?" हे मी रोज ऐकलं. पण रात्री-अपरात्री येणारे निम्मे कॉल कोणीतरी गेल्याचे असायचे आणि ते भलत्या घरी लागून चालत नसे. विचारणाऱ्याचा राग येतो, हे खरं. मलाही कोणी फार बोलावत नाही, ते तू ओळखून असशीलच.

तीन कामं कर. एक, शंकेखोराला कामावर घे. दोन, तो तक्ता पुसून टाक. तीन, विजयाबाईंकडे जा आणि चूक कोणाची ते स्वतःच्या तोंडाने सांग. फुलं नेऊ नकोस. "तांत्रिक अडचण" हा शब्द त्यांच्या घरात उच्चारू नकोस.

उरलेल्या पानांसाठी दर दुपारी माझ्याकडे ये. तू वाच, मी अर्थ सांगेन. मला आता भिंगातूनही "शु." आणि "व." सारखेच दिसतात.

आत्या

*

सिटी सेंटर
५ ऑगस्ट

अगं आत्या,

दुपारी भेटतोच, तरी हे समोर बसून नाही बोलता येत, म्हणून लिहितो.

विजयाबाईंकडे मी गेलो होतो ते तुला माहीत आहे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, सरबत दिलं आणि विचारलं, "ते मशीन किती शिकलंय?" पंधरा जुलैला, आपल्या आषाढ व. पंचमीला, पुन्हा श्राद्ध केलं, पण थोरल्याला रजा नाही मिळाली. सौरवने गुरुजींच्या समोर लॅपटॉप ठेवला आणि थोरला बडोद्याहून हात जोडून बसला. गुरुजी म्हणाले, तीळ स्क्रीनवर नका टाकू.

शंकेखोरचं काम छान चाललं आहे. हळू आहे, पण आता मला त्याची सवय झाली. जिथे नोंदीत तिथी पण आहे आणि इंग्रजी तारीख पण आहे, तिथे त्या वर्षीच्या पंचांगाशी दोन्ही जुळतात का हे तपासायचं त्याने स्वतः सुचवलं. मी हो म्हटलं. एक्केचाळीस ठिकाणी त्याने प्रश्न काढले. एकोणचाळीस माझ्या टाइपच्या चुका निघाल्या, नाहीतर तू समजावून दिलंस.

दोन राहिलेत. एक लीलाताईंच्या सासूबाई. तिथे तारीख आणि तिथी यांच्यात आठ दिवसांचं अंतर येतं. दुसरी नोंद विजयाबाईंच्या अप्पांची. वहीत पंचमी आहे. तुझ्याच हातची तारीख बाजूला आहे, आणि त्या तारखेला षष्ठी होती. मी तीन पंचांगांतून पाहिलं.

मशीन चुकलं असेल का?

अभिराम

*

हजीरा
८ ऑगस्ट

अभिराम,

वही बरोबर आहे. पुढचं काम कर.

आत्या

*

सिटी सेंटर
१२ ऑगस्ट

अगं आत्या,

तू म्हणतेस तर बरोबरच असेल. दोन्ही नोंदी वहीप्रमाणे ठेवतो आणि शंकेखोरचा प्रश्न बंद करतो.

अभिराम

*

हजीरा
मंगळवार, ९ सप्टेंबर

चि. अभिराम यास आशीर्वाद.

हे पत्र मी सांगते आहे आणि सौरव लिहितो आहे. मला आता कागदावरची ओळ सापडत नाही. (आत्याजी म्हणाल्या आहेत की मी माझ्या मनाने काही जोडायचं नाही. — सौरव)

तू रोज दुपारी येऊन वाचत राहिलास आणि सात तारखेला शेवटची नोंद ॲपमध्ये गेली. महिनाभर आपण दोघं त्या दोन नोंदींबद्दल अवाक्षर बोललो नाही. तू "तू म्हणतेस तर बरोबरच असेल" असं लिहिलंस. ते मी सौरवकडून तीनदा वाचून घेतलं. मी शिव्या खायला तयार होते, वाद घालायला तयार होते. पण तू हांजी होऊन बसलास.

आता खरं काय ते ऐक. अप्पा प्रवासात, झाशीला वारले. वर्ष होत आलं तेव्हा विजयाबाई तिथी विचारायला माझ्याकडे आल्या. दारात आणखी चार बायका होत्या. आदल्या वर्षीचं पंचांग मी कोणाला तरी दिलं होतं. "उद्या या, बघून सांगते" एवढं म्हणायचं होतं. मी बोटं मोजली आणि "आषाढ वद्य पंचमी" असं ठणकावून सांगितलं. बायका म्हणाल्या, "वहिनींना सगळं तोंडपाठ." मला ते आवडलं. आठ दिवसांनी पंचांग परत आलं. उघडलं तर षष्ठी. तोवर श्राद्ध होऊन गेलं होतं. मी पंचांग मिटलं आणि वहीत पंचमीच लिहिली. पुढे दर वर्षी तीच सांगितली. तुझ्या झटपटला मी हसले होते, ते परत घेते.

लीलाताईंच्या सासूबाईंचं मला खरोखरच माहीत नाही. मी कुठूनतरी ऐकून लिहिलं होतं. आता विचारायला कोणी उरलेलं नाही. सौरव म्हणाला, स्क्रीनवर रिकामी जागा वाईट दिसते, अंदाजे काहीतरी टाकूया. (मी फक्त विचारलं होतं. — सौरव) त्याने शंकेखोरालाही विचारून पाहिलं. त्याने लिहिलं, एवढ्या माहितीवरून तिथी ठरवता येणार नाही, आणि चुकीची घालण्यापेक्षा मोकळी ठेवावी. तेव्हा तिथे "तिथी माहीत नाही, सर्वपित्री अमावास्येला करावे" असं लिहिलं आहे. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठीच तो दिवस असतो. अडतीस वर्षांत मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं, कारण माझ्या वहीत असं कोणी नव्हतंच.

मेसेजमधून माझं नाव काढायला लावलं आहे. आता तिथे आहे, "वहीत अशी नोंद आहे. घरातल्या कोणाला वेगळं आठवत असेल तर कळवा." सौरवला ते लांब वाटतं. असू दे.

काल सकाळी सौरवचा हात धरून विजयाबाईंकडे गेले. उभ्यानेच सांगितलं. पंचमी नव्हे, षष्ठी. चूक माझी, आणि मला ती बावीस वर्षांपैकी एकवीस वर्षं माहीत होती.

त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं ह्यांना पोचलंच नाही का गं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

(इथे आत्याजींना पाणी दिलं. — सौरव)

आत मंदाताईची भांडी वाजत होती. मग विजयाबाई म्हणाल्या, "एक दिवस आधीच जेवत होते ना? मग ठीक. ह्यांना कधी जेवायला थांबणं माहीत नव्हतं. पाट मांडायच्या आत येऊन बसायचे." आणि हसल्या. मला हसू आलं नाही. मग त्यांनी माझ्या हाताला धरून मला खुर्चीवर बसवलं.

परवा गुरुवारी पितृपक्षातली पंचमी आहे, शुक्रवारी षष्ठी. यंदापासून षष्ठीलाच करणार आहेत. ॲपमध्ये षष्ठी कर. आज, हे पत्र वाचून झाल्या झाल्या. आणि शंकेखोराचा तो प्रश्न पुन्हा उघड, त्याला उत्तर द्यायचं राहिलं आहे.

माझ्यासमोरच त्यांनी थोरल्याला बडोद्याला फोन लावला. त्याने विचारलं, "आई, आता परत काय बदललं? ॲपने सांगितलं का?" विजयाबाई म्हणाल्या, "नाही रे. राजलक्ष्मी स्वतः घरी येऊन सांगून गेली. तिचीच चूक होती."

हे शेवटचं वाक्य त्याला सांगायची काही गरज नव्हती, असं माझं मत आहे. पण ते खरं आहे, तेव्हा सौरव, लिही.

(लिहिलं.)

आत्या